ब्राउझर कुठला घ्यावा म्हणजे आपली माहिती आपल्यापाशी राहील

आमच्या आत्याला गुडघ्याचा त्रास आहे आणि ती त्याबद्दल जे काय शोधायचं ते सगळं त्या काळ्या खिडकीत शोधते, म्हणजे क्रोमच्या इन्कॉग्निटो या खासगी मोडमध्ये, कारण कोणीतरी तिला सांगितलंय की तिथे केलेलं कोणालाच दिसत नाही. तर एक दिवस मला म्हणाली, अरे मग दुसऱ्याच कुठल्यातरी बातम्यांच्या साइटवर मला गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती कशा काय यायला लागल्या? मी तिचा फोन घेतला आणि बघितलं तर इन्कॉग्निटोचे चाळीस-पंचेचाळीस टॅब उघडे, त्यातले काही महिनाभरापूर्वीचे. ती खिडकी तिने कधी बंदच केली नव्हती. इन्कॉग्निटोतले सगळे टॅब एकाच डब्यातल्या कुकीज, म्हणजे साइट्सनी ओळखीसाठी ठेवलेल्या खुणा, वापरतात आणि तो डबा रिकामा होतो शेवटचा टॅब बंद झाल्यावर, म्हणजे महिनाभर तिची ओळख तिथे आरामात जमा होत बसली होती.

हे तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की ब्राउझर कुठला चांगला हा प्रश्न आपण विचारतो पण त्याच्या आधीचा प्रश्न सोडून देतो, की लपवायचंय कोणापासून. घरातल्यांपासून लपवायचं असेल तर इन्कॉग्निटो काम करतं, हिस्टरी उरत नाही, विषय संपला. पण साइटला तुम्ही दिसताच, इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं, ऑफिसच्या नेटवर्कवर असाल तर तिथल्या लोकांनाही दिसतं. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर खटला भरला होता लोकांनी, की खासगी मोड म्हणता आणि माहिती तर गोळा करता. २०२४ मध्ये तडजोड झाली, जुना जमा केलेला डेटा नष्ट करायचं गुगलने कबूल केलं आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर जो मजकूर दिसतो तोही बदलला, आता तिथे लिहिलेलं असतं की साइट्स आणि त्या वापरत असलेल्या सेवा, गुगलसकट, डेटा कसा गोळा करतात त्यात यामुळे फरक पडत नाही. वाचतं कोण हा भाग वेगळा.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं आहे की तुम्ही एका साइटवर काय केलंत ते त्या साइटला कळलं तर त्यात फारसं बिघडत नाही, तुम्ही गेलात म्हणून कळलं. घोळ सुरू होतो जोडणीपासून. सकाळी गुडघ्याचं वाचलं, दुपारी कर्जाचा हप्ता किती बसेल ते बघितलं, रात्री नोकरी शोधली, हे तीन तुकडे तीन वेगळ्या साइटवर पडलेले असताना त्यांना काही किंमत नाही. कोणीतरी चौथा माणूस हे तिन्ही उचलून एका धाग्यात ओवतो आणि म्हणतो की हा तोच माणूस आहे, आजारी आहे, पैशाची ओढाताण आहे आणि नोकरी धोक्यात आहे, तेव्हा ती माळ विकायच्या लायकीची होते. म्हणून ब्राउझर पारखताना मी एकच गोष्ट बघतो, तो ही माळ ओवण्याचं काम अवघड करतो का सोपं करतो.

ओवायचा सगळ्यात जुना धागा म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने ती काढली आणि हेतू अगदी साधा होता, वेबसाइटला विसराळूपणा असतो, एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही कोण ते तिला आठवत नाही, मग खरेदीच्या टोपलीत काय टाकलं होतं ते लक्षात कसं राहणार. म्हणून साइट तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देते, सामान ठेवायच्या काउंटरवर मिळतो तसा, आणि पुढच्या वेळी गेलात की ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. इथपर्यंत सगळं छान, लॉगिन याच्यावरच चालतं.

पण एक पान म्हणजे एकाच ठिकाणाहून आलेली गोष्ट नसते ना. बातमी येते बातमीवाल्याच्या सर्व्हरवरून, जाहिरात येते जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून, लाइकचं बटण तिसऱ्याच्या, मोजमाप करणारी स्क्रिप्ट चौथ्याच्या. आणि यातला प्रत्येक जण तुम्हाला आपापला बिल्ला देऊ शकतो. आता ती जाहिरात कंपनी हजारो साइट्सवर बसलेली आहे, तुम्ही कुठल्याही साइटवर गेलात तरी ब्राउझर इमानदारीत तिचा तोच बिल्ला तिला दाखवतो, आणि तिच्या वहीत नोंद होते की अमुक नंबरवाला सकाळी इथे होता, आत्ता तिथे आहे. याला म्हणतात थर्ड पार्टी कुकी. तुमचं नाव तिला माहीत असायची गरजच नाही, नंबर पुरतो.

हे बंद करता येतं का, तर येतं, आणि सोपं आहे. सफारीने २०१७ पासून यावर कात्री चालवायला सुरुवात केली आणि मार्च २०२० मध्ये थर्ड पार्टी कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ओळखीच्या ट्रॅकर्सच्या कुकीज आपणहून अडवायला घेतल्या आणि जून २०२२ मध्ये अजून हुशार गोष्ट केली, प्रत्येक साइटला वेगळी बरणी दिली. म्हणजे जाहिरात कंपनीने बातमीच्या साइटवर बिल्ला दिला तर तो त्या साइटच्या बरणीतच राहतो, दुकानाच्या साइटवर गेलात की तिथली बरणी वेगळी, तिथे तिला तुम्ही नवखे वाटता. बिल्ला देऊ दिला पण माळ ओवू दिली नाही, मला हा उपाय फार आवडतो कारण यात साइट्स फारशा मोडत नाहीत. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर तर सुरुवातीपासूनच अडवतो.

आणि क्रोम? क्रोमची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी कारण जगात दर तीन माणसांमागे दोघंजण साधारण तोच वापरतात. जानेवारी २०२० मध्ये गुगलने जाहीर केलं की दोन वर्षांत थर्ड पार्टी कुकीज बंद करू. मग ते पुढे गेलं, मग अजून पुढे गेलं, मग जुलै २०२४ मध्ये म्हणाले बंद नाही करत, लोकांनाच विचारू, मग एप्रिल २०२५ मध्ये म्हणाले वेगळं विचारणारही नाही, आणि कुकीजच्या जागी जी नवीन व्यवस्था उभी करायची होती, प्रायव्हसी सँडबॉक्स म्हणत होते तिला, तिच्यातल्या बहुतेक गोष्टी ऑक्टोबर २०२५ मध्ये गुंडाळून टाकल्या. गुगलची बाजूही सांगतो, ब्रिटनमधल्या स्पर्धा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेला काळजी होती की कुकीज गेल्या तर बाकीच्या जाहिरात कंपन्या मरतील आणि गुगलच अजून मोठं होईल, आणि ही काळजी काही खोटी नव्हती. पण तरी एक साधी गोष्ट उरतेच, ज्या कंपनीची बरीचशी कमाई जाहिरातीतून येते तिनेच बनवलेला ब्राउझर जाहिरातवाल्यांची दारं पटापट बंद करेल अशी अपेक्षा करणं म्हणजे दुधाची राखण मांजरीकडे. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही थर्ड पार्टी कुकीज स्वतः बंद करू शकता, ती सोय आहे, आणि क्रोम सोडायचाच नसेल तर निदान तेवढं आजच करा.

एक गोष्ट मात्र क्रोमबद्दल प्रामाणिकपणे म्हणायला हवी, सुरक्षितता आणि खासगीपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा चोर घुसू नये यासाठी क्रोममध्ये जेवढं काम होतं तेवढं फार थोड्या ठिकाणी होतं. घराला कुलूप भक्कम आहे, फक्त किल्ली घरमालकाकडेही आहे, असं समजा.

कुकीज अडवल्या की झालं असं वाटत असेल तर थांबा, खरी गंमत पुढे आहे.

तुमचा ब्राउझर प्रत्येक साइटला न विचारता बरंच काही सांगत असतो. स्क्रीन केवढी, कुठले फॉन्ट बसवलेत, वेळ कुठल्या भागातली, भाषा कुठली, ग्राफिक्स कार्ड कसं आहे. वरून साइट ब्राउझरला सांगू शकते की एक अदृश्य चित्र काढ, आणि तेच चित्र वेगवेगळ्या मशीनवर एखाद-दोन पिक्सेलनी वेगळं येतं. यातली एकेक गोष्ट हजारो लोकांची सारखी असते पण सगळ्या मिळून धरल्या तर तुम्ही एकटेच उरता. बिल्ला द्यायची गरजच नाही, चालण्यावरून माणूस ओळखतात तसं. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात आणि वाईट भाग असा की कुकी पुसता येते, हे पुसता येत नाही.

२०१० मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन संस्थेने एक प्रयोग केला होता, पॅनॉप्टिक्लिक नावाचा, त्यात ४,७०,१६१ ब्राउझर तपासले आणि त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. हा आकडा लोक अजून घाबरवायला वापरतात, पण तिथे येणारे लोक मुळातच अशा विषयात रस असणारे, ब्राउझरशी खेळ करणारे होते. पुढे २०१८ मध्ये एका फ्रेंच वेबसाइटच्या साध्यासुध्या वाचकांवर, २० लाखांहून जास्त फिंगरप्रिंट घेऊन, अभ्यास झाला तेव्हा एकमेव निघाले ३३.६ टक्केच. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, पण तीनातला एक हेही काही कमी नाही. ईएफएफची ती चाचणी आता कव्हर युअर ट्रॅक्स नावाने चालते, स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

यातून एक उलटी गोष्ट निघते जी बहुतेकांना पटायला वेळ लागतो. खासगीपणासाठी म्हणून आपण दहा एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, टाकतो, सेटिंगमध्ये जाऊन पंचवीस गोष्टी बदलतो, आणि त्यामुळेच गर्दीत उठून दिसायला लागतो. तोंडावर फडकं, डोक्यावर टोपी, काळा चष्मा अशा अवतारात बाजारात गेलात तर चेहरा नाही दिसणार, पण विसरणारही कोणी नाही. मीसुद्धा हे केलंय, एकेकाळी माझ्या ब्राउझरमध्ये चौदा एक्स्टेंशन होती आणि मला फार भारी वाटायचं.

फिंगरप्रिंटवर ब्राउझरवाल्यांनी दोन रस्ते काढलेत. एक, सगळ्यांना एकसारखं करून टाका. टॉर नावाचा ब्राउझर हे करतो, त्याच्यात खिडकीच्या आत पानाचा आकारसुद्धा ठरावीक टप्प्यांतच ठेवतात आणि उरलेल्या जागेत राखाडी पट्ट्या सोडतात, म्हणजे तुमची नेमकी स्क्रीन केवढी ते कळू नये. बरेच लोक त्या पट्ट्या बघून म्हणतात काहीतरी बिघडलंय, बिघडलेलं नसतं, ते तसंच असतं. दुसरा रस्ता ब्रेव्हचा, तो उत्तरं थोडी थोडी बदलून देतो, या साइटला एक, त्या साइटला दुसरं, म्हणजे माग काढणाऱ्याला दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे जुळवता येत नाही. परत तेच, दिसू दे पण जोडू नको. टॉरचा रस्ता जास्त मजबूत आहे पण तो तेव्हाच चालतो जेव्हा गर्दी खरंच एकसारखी असते, तुम्ही त्यात एक एक्स्टेंशन टाकलंत की गर्दीतून बाहेर.

बरं, आत्तापर्यंत साइट्सबद्दल बोललो, पण खुद्द ब्राउझर काय करतो? तो तर सगळंच बघतो. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले प्राध्यापक डग्लस लीथ यांनी सहा ब्राउझर घेतले आणि ते आपल्या कंपनीला गुपचूप काय पाठवतात ते तपासलं. ब्रेव्ह सगळ्यात गप्प निघाला, क्रोम, फायरफॉक्स, सफारी मधल्या गटात, आणि मायक्रोसॉफ्टचा एज आणि रशियन कंपनीचा यांडेक्स सगळ्यात वाईट गटात, कारण ते मशीनशीच बांधलेली ओळख पाठवत होते, म्हणजे ब्राउझर काढून परत टाकला तरी ओळख तीच. त्यानंतर बरीच वर्षं गेलीत, तो निकाल आज जसाच्या तसा लागू आहे असं मी म्हणणार नाही, पण बघायचं कसं ते त्यातून कळतं.

आणि सिंक. फोनवर उघडलेला टॅब लॅपटॉपवर दिसतो, पासवर्ड सगळीकडे मिळतात, सोय मोठी आहे, नाकारत नाही. प्रश्न असा की मधल्या सर्व्हरवर ते वाचता येण्यासारखं पडलंय का. फायरफॉक्सचं सिंक मुळातच असं बनवलंय की तो बनवणाऱ्या मोझिलालाही आतलं वाचता येत नाही. ब्रेव्हमध्ये खातंच नाही, दोन उपकरणं एका लांबलचक शब्दांच्या यादीने किंवा क्यूआर कोडने जोडायची. क्रोममध्ये वेगळा सिंक पासफ्रेज, म्हणजे सिंकसाठीचा वेगळा पासवर्ड, टाकला तर गुगललाही वाचता येत नाही पण तो आपणहून टाकावा लागतो आणि किती जण टाकतात तुम्हीच सांगा. २०१८ मध्ये क्रोमच्या ६९व्या आवृत्तीत तर असं केलं होतं की जीमेलमध्ये लॉगिन केलं की ब्राउझरमध्येही आपोआप लॉगिन, लोक भडकले, मग पुढच्या आवृत्तीत ते बंद करायचं बटण दिलं.

आता पैशाकडे या, कारण ब्राउझर फुकट मिळतो आणि तो बनवायला मात्र प्रचंड खर्च येतो. कोण भरतं हे पैसे? इथे कोणीच धुतल्या तांदळासारखं नाही हे आधीच सांगतो. फायरफॉक्सचं बहुतांश उत्पन्न येतं गुगलकडून, गुगल सर्च डिफॉल्ट ठेवल्याबद्दल. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं की गुगलने २०२१ या एका वर्षात अशा डिफॉल्टच्या जागा मिळवायला २६.३ अब्ज डॉलर मोजले, आणि २०२२ मध्ये एकट्या ऍपलला साधारण २० अब्ज दिले, म्हणजे सफारीसुद्धा त्याच पंगतीत. विचार करा ना, डिफॉल्ट म्हणजे काय, लोक बदलत नाहीत ती गोष्ट, आणि लोक बदलत नाहीत या एका खात्रीसाठी कोणी २६ अब्ज डॉलर देतं. म्हणून मी कोणालाही ब्राउझर सांगतो तेव्हा सेटिंगमध्ये काय काय करता येतं ते कमी बघतो, काहीही न बदलता तो कसा वागतो ते जास्त बघतो.

मोझिलावर डागही आहेत. २०२४ मध्ये जाहिरातींचा परिणाम मोजायची एक नवी सोय त्यांनी न विचारता चालू करून ठेवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही तुमचा डेटा कधीही विकणार नाही हे वाक्य आपल्या पानावरून काढलं, मग ओरड झाल्यावर खुलासा केला की काही कायद्यांत विक्री या शब्दाची व्याख्याच फार मोठी आहे. खुलासा मला थोडाफार पटतो, पण वाक्य गेलं ते गेलंच. ब्रेव्हचा प्रमुख ब्रेंडन आइक, म्हणजे ज्याने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट बनवली तोच, त्याच्या ब्राउझरमध्ये २०२० साली पकडलं गेलं की क्रिप्टोच्या काही साइटचा पत्ता टाईप केला की ब्राउझर आपला कमिशनचा कोड चिकटवत होता. त्याने माफी मागितली, ते बंद केलं. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये २०२२ मध्ये एका संशोधकाला दिसलं की बाकी सगळे ट्रॅकर अडवतात पण मायक्रोसॉफ्टचे काही सोडतात, कारण सर्चच्या जाहिरातींचा करार मायक्रोसॉफ्टशी होता. तीन महिन्यांत ते बदललं. मी यावरून कोणाला फुली मारत नाही, चूक प्रत्येकाची निघते, ती बाहेरच्या माणसाला सापडू शकते का आणि सापडल्यावर ते काय करतात एवढं बघतो. कोड उघडा असण्याचा फायदा हाच.

इंजिनचंही थोडक्यात सांगतो. आतलं यंत्र जगात तीनच प्रकारचं उरलंय असं धरा, गुगलचं ब्लिंक, ऍपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी सगळे क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खालच्या उघड्या कोडवर, उभे, म्हणजे आत ब्लिंकच. क्रोमियमवर आहे म्हणून सगळं गुगलला जातं असं अजिबात नाही, पण गुगलने खाली काही बदललं की वरच्यांना त्रास होतो. एक्स्टेंशनचे नियम गुगलने बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, आणि त्यामुळे युब्लॉक ओरिजिन हा जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारा सगळ्यात चांगला एक्स्टेंशन क्रोमवर पूर्ण ताकदीने चालेनासा झाला, तिथे आता त्याची लाइट आवृत्ती मिळते. फायरफॉक्सवर तो अजून अख्खा चालतो, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही. ब्रेव्हने अडवायचं काम एक्स्टेंशनवर न ठेवता ब्राउझरच्या पोटातच घातलंय त्यामुळे त्याला याची फारशी झळ नाही. आणि आयफोनवर तर वरची पाटी काहीही असो, आत वेबकिटच असतं, ऍपलचा नियमच तसा होता आणि मार्च २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये तेवढी मोकळीक मिळाली. म्हणून आयफोनवाले विचारतात तेव्हा मी सरळ सांगतो, सफारी वाईट नाही, उगाच धावाधाव नको.

एक्स्टेंशनबद्दल मात्र कडक बोलणार आहे. तुम्ही तुमचा ब्राउझर कितीही निवडून पारखून घ्या, त्यात बसवलेल्या एक्स्टेंशनला सगळ्या साइट्स वाचायची परवानगी दिलीत की तुमच्या खांद्यावरून वाकून बघायला माणूस बसवला. २०१६ मध्ये वेब ऑफ ट्रस्ट नावाचं एक्स्टेंशन, जे साइट विश्वासू आहे की नाही ते सांगायचं, तेच लोकांची हिस्टरी बाहेर देतंय असं जर्मन पत्रकारांनी उघड केलं. २०१८ मध्ये स्टायलिश, जे फक्त साइटचे रंगरूप बदलायचं, तेही हिस्टरी उचलताना सापडलं. आणि अव्हास्ट तर अँटिव्हायरसवाली कंपनी, लोकांना सांगायची आम्ही ट्रॅकिंगपासून वाचवतो आणि दुसऱ्या दाराने तीच हिस्टरी आपल्या जंपशॉट नावाच्या उपकंपनीतून विकत होती, अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या एफटीसी या सरकारी यंत्रणेने २०२४ मध्ये त्यांना १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. बऱ्याचदा असंही होतं की एक्स्टेंशन बनवणारा चांगला असतो, थकतो, कोणालातरी विकून टाकतो, आणि तुमच्याकडे मात्र ते आपोआप अपडेट होत राहतं. दोनपेक्षा जास्त एक्स्टेंशन असतील तर आज एकदा यादी उघडून बघा, निम्म्यांची नावंसुद्धा आठवणार नाहीत.

मग वापरायचं काय. साध्या माणसाने, ज्याला रोजची कामं करायचीत आणि जाहिरातवाल्यांनी माळ ओवू नये एवढंच हवंय, त्याने फायरफॉक्स घ्यावा आणि त्यात फक्त युब्लॉक ओरिजिन टाकावं, बस. हेही नको वाटत असेल, काहीच टाकायचं नसेल, तर ब्रेव्ह, उघडल्या उघडल्या त्यातलं वॉलेट आणि रिवॉर्ड्स वगैरे जे काय चमकतं ते लपवून टाका, ती गोष्ट मला आवडत नाही पण लपवता येते. दोन्हीत सर्च इंजिन बदलायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर बदलून शोधलेलं सगळं जुन्याच वहीत जाणार. लिबरवुल्फ आहे, फायरफॉक्समधून मोझिलाचं पाठवणं वगैरे काढून बनवलेला, चांगला आहे पण मी तो इतरांना लावून देत नाही, छोटी टीम आहे, आणि ब्राउझरमध्ये भोक सापडलं की ते बुजवणारं अपडेट किती लवकर तुमच्यापर्यंत येतं हे फार महत्त्वाचं असतं. तीन महिने अपडेट न केलेला खासगी ब्राउझर हा क्रोमपेक्षा वाईट, हे लिहून ठेवा.

मुलव्हाड ब्राउझर नावाचा एक आहे, एप्रिल २०२३ मध्ये टॉर प्रोजेक्टने आणि मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीने (व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट आपल्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा) मिळून आणला, टॉर ब्राउझरचंच सगळ्यांना एकसारखं दाखवायचं तंत्र पण टॉरच्या नेटवर्कशिवाय. ज्याला थोडी मोडतोड सहन होते त्याला मस्त.

आणि टॉर. टॉर हे वेगळंच प्रकरण आहे, तिथे तुमची विनंती जगभरातल्या तीन स्वयंसेवी मशीनमधून फिरून जाते, पहिल्याला तुम्ही कोण ते माहीत पण कुठे चाललात ते नाही, शेवटच्याला कुठे चाललात ते माहीत पण कोण ते नाही. कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघाली हे ऐकून लोक दचकतात, पण ते बरोबरच आहे, फक्त नौदलाने वापरलं असतं तर टॉरवरचा प्रत्येक माणूस नौदलाचा हे कळलं असतं, गर्दी हवी होती म्हणून सगळ्यांना खुलं केलं. पत्रकार, त्यांना माहिती देणारे लोक, घरात छळ सोसणारी बाई जिला मदत शोधायचीय, यांच्यासाठी टॉर आहे. हळू चालतं, मी माणूस आहे हे दर दोन साइटला सिद्ध करायला लागतं. आणि तिथे जाऊन आपल्या खऱ्या नावाच्या खात्यात लॉगिन केलंत तर बुरखा घालून स्वतःचं नाव ओरडत फिरण्यासारखं आहे.

लॉगिनचं हे सगळीकडेच लागू आहे खरं तर. फायरफॉक्स घेतला आणि त्यात दिवसभर गुगलमध्ये लॉगिन राहून सगळं शोधलं तर गुगलला तुमची माळ ओवायची गरजच नाही, तुम्हीच ओवून देताय. म्हणून मी दोन ब्राउझर ठेवतो, एकात बँक, मेल आणि सगळी लॉगिनवाली कामं, दुसऱ्यात नुसतं भटकणं, आणि दुसरा बंद केला की सगळं पुसून टाकतो. याच्यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी उपाय मला अजून सापडला नाही. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा नंबर, मात्र दोन्हीकडून तोच जातो, तो ब्राउझर लपवत नाही, त्याला व्हीपीएन लागतो आणि व्हीपीएन म्हणजे इंटरनेट कंपनीवरचा विश्वास उचलून व्हीपीएन कंपनीवर ठेवणं, फुकटवाल्यांपासून तर चार हात लांबच राहा.

हल्ली ते एआयवाले ब्राउझर आलेत, २०२५ मध्ये कॉमेट आला, ऍटलस आला, तुमच्या वतीने पानं वाचतात, बटणं दाबतात. मला कोणी विचारलं तर मी सध्या नको म्हणतो. पानावर जे काय आहे ते वाचायला कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, आणि पानातच कोणी लपवून सूचना लिहिली तर तो मदतनीस तुमची सूचना समजून ती पाळू शकतो. बँकेचं लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये तर हे अजिबातच नको.

शेवटी परत आत्याचा फोन. तिचे चाळीस टॅब बंद केले, फायरफॉक्स टाकून दिला, युब्लॉक टाकलं, डिफॉल्ट केलं, ती खूष. आठवड्याने परत फोन, अरे तू काहीच केलं नाहीस, जाहिराती तशाच. जाऊन बघितलं तर ती बहुतेक सगळ्या लिंक सोशल मीडियाच्या ऍपमध्येच दाबत होती, आणि अशा बऱ्याच ऍपमध्ये लिंक दाबली की ती तुमच्या ब्राउझरमध्ये उघडतच नाही, ऍपच्या पोटातल्या त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडते. ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ नावाच्या डेव्हलपरने दाखवलं होतं की इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉकची ऍप अशा उघडलेल्या दुसऱ्यांच्या पानात आपला कोड घुसवतात. वर जून २०२५ मध्ये संशोधकांनी हेही उघड केलं की अँड्रॉइडवर मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीची, आणि यांडेक्सची ऍप फोनच्या आतल्या आतच ब्राउझरकडून ओळख घेत होती, म्हणजे ब्राउझरमधला बिनानावाचा माणूस ऍपमधल्या लॉगिन केलेल्या माणसाला जोडला जात होता, इन्कॉग्निटो असलं तरी. उघड झाल्यावर मेटाने ते लगेच थांबवलं.

तर आत्याला मी आता एवढंच शिकवलंय, लिंक उघडली की वर कोपऱ्यात तीन ठिपके असतात ते दाबायचे आणि ब्राउझरमध्ये उघडा असं जे काय लिहिलेलं असेल ते निवडायचं, आणि ज्या ऍपच्या सेटिंगमध्ये लिंक बाहेर उघडायची सोय आहे तिथे ती चालू करून दिली. दोन ऍप तर काढूनच टाकली, तीच पानं आता ती फायरफॉक्समधून बघते. तीन ठिपके दाबायला ती निम्म्या वेळा विसरते. पण निम्म्या वेळा दाबते.